माझ्याकडेही तसंच

३ फेब्रुवारी

धाकटे साडूभाऊ यांस,

नमस्कार. या पत्राचं कारण तुम्ही स्वतःच आहात, म्हणून लगेच मुद्द्यावर येतो.

आपल्या लिफ्ट दुरुस्तीवाल्यांच्या ईमेल गटावर जानेवारीत तुमचे नऊ संदेश आले. मी ते छापून टेबलावर मांडले आणि वाचले. एकात माहिती आहे. दोनांत तुम्ही 'बरोबर' एवढंच लिहिलं आहे. एकात नुसता अंगठा आहे. उरलेल्या पाचांत 'माझ्याकडेही तसंच' असं लिहून त्याखाली समोरच्याचा अख्खा संदेश, त्याखाली त्याला आलेलं उत्तर आणि त्याखाली मी घातलेले गटाचे बारा नियम असं सगळं जसंच्या तसं परत पाठवलं आहे. त्यातला चौथा नियम 'जे एकदा सांगून झालं ते पुन्हा सांगू नये' असा आहे. म्हणजे तो मोडता मोडता तुम्ही तो पाच वेळा सगळ्यांना वाचायला दिलात.

गटात तीनशे बारा माणसं आहेत. कुणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असतो, कुणी गच्चीवरच्या मशीनपाशी वाकलेला असतो, हात ग्रीसने माखलेले. खिशात फोन वाजतो. बिचारा हात पुसतो, चष्मा लावतो, बघतो, तर 'बरोबर'. मी एकतीस वर्षं लिफ्टची तपासणी केली आणि निवृत्त झाल्यावर हा गट काढला तो लोकांचं डोकं हलकं व्हावं म्हणून, उठवण्यासाठी नाही.

घरच्या माणसाला चारचौघांत बोलू नये म्हणून हे गटावर लिहिलं नाही. खाजगी ईमेल करणार होतो, पण मागच्या वेळी तुमचं खाजगी उत्तर सगळ्या गटाला गेलं आणि मला नवी कवळी बसली आहे हे मी कधी न पाहिलेल्या माणसांना कळलं. तिघांनी अभिनंदन केलं. म्हणून कागद.

आजपासून तुमचे संदेश आधी माझ्याकडे येतील. योग्य वाटले तर मी पुढे सोडीन. राग मानू नये.

मोठी म्हणते, धाकटीला सांगा, उशांचे अभ्रे मिळाले. एक आखूड पडतो.

तुमचा
थोरला साडू
(गटचालक)


११ फेब्रुवारी

भाऊसाहेब, नमस्कार.

पत्र मिळालं. धाकटीने आधी वाचलं, मग मला दिलं आणि माझं वाचून होईपर्यंत समोर उभी राहून हसत होती. कवळीबद्दल पुन्हा एकदा माफी मागतो. 'पुन्हा एकदा' चालत नसेल तर कळवा.

अंगठा चुकून गेला. 'बरोबर' मी लिहिलं कारण ते बरोबर होतं. पण त्या पाचांबद्दल दोन शब्द बोलू द्या.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या दोन लिफ्ट माझ्याकडे आहेत हे तुम्हाला माहीत आहे. सहा मजले, एकाच बनावटीची मशीनं. डिसेंबरपासून दोन नंबरची लिफ्ट मजल्यावर बरोबर थांबते आणि दार उघडायच्या आत चार बोटं खाली सरकते. दवाखान्यात येणारी निम्मी माणसं डोळ्याला पट्टी बांधलेली. प्रत्येक वेळी दार उघडलं की नर्सबाई म्हणतात, "आजोबा, पायरी आहे हं." लिफ्टला पायरी नसते, भाऊसाहेब.

गटावर दुसऱ्या कुणीतरी हेच विचारलं होतं. त्याला तुमचं उत्तर होतं, ब्रेकच्या ड्रमवर तेल आलं असेल, पुसून काढा आणि स्प्रिंग अर्धा आटा आवळा. मी तसंच केलं. धाकटीने विचारलं, म्हणजे काय केलंस? मी तिला सांगितलं, लिफ्ट थांबते ती ब्रेकचे दोन लोखंडी हात फिरणाऱ्या चाकाला कवटाळतात म्हणून. स्प्रिंग त्या हातांना दाबून धरते. मी ती मिठी जरा घट्ट केली. तर ती म्हणाली, मग आता सुटणार नाही ना? मी म्हटलं, नाही.

नऊ दिवसांनी सुटली. पुन्हा आवळली, तर सहाच दिवस टिकली. हे मी सहा तारखेला गटावर लिहिलं होतं. ते दिसलं नाही. तुमच्याकडे पोचलं असेल, तर कृपया पुढे सोडा.

अभ्रा पाठवून द्या, धाकटी उसवून देईल.

तुमचा
धाकटा


१६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुमचा सहा तारखेचा संदेश पोचला. तो मी थांबवला आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर गेल्या वर्षी १४ ऑगस्टला दिलेलं आहे. त्याची छापील प्रत सोबत जोडतो. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातही तेच आहे. उत्तर एकदा दिलं की ते दिलेलं असतं. ते रोज ताजं करायला ती काही भाजी नव्हे.

आवळूनही ब्रेक टिकत नसेल तर, वडीलकीच्या नात्याने सांगतो, तुमचा हात कच्चा पडत असावा. तेल नीट पुसलं जात नसणार. कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट फडक्याने पुसून काय उपयोग? वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासारखे आणखीही आहेत, तेच तेच विचारणारे. त्यांचेही संदेश मी माझ्यापाशीच थांबवतो. म्हणून तर गट आता गटासारखा झाला आहे. गेल्या महिन्यात सगळे मिळून फक्त सेहेचाळीस संदेश गेले. एका सभासदाने लिहिलं की इतकी शांतता त्याने घरातसुद्धा अनुभवलेली नाही. तो संदेश मात्र मी सोडला.

अभ्रा मोठीने स्वतःच उसवला. आता तो लांब पडतो.

थोरला साडू


२४ फेब्रुवारी

भाऊसाहेब,

आणखी आहेत म्हणजे किती?

तुमचं पत्र मी चारदा वाचलं आणि दर वेळी त्या एका वाक्याशी अडलो. ते कुठले आहेत? त्यांचीही मशीनं याच बनावटीची आहेत का? त्यांचेही दिवस कमी होत चालले आहेत का?

माझे तीनवर आले. फडकं कोरडं होतं. नवं होतं, धाकटीच्या जुन्या चादरीचं. ड्रमवर तेलाचा टिपूस नव्हता.

परवा एक निवृत्त मास्तर, दोन्ही डोळ्यांना पट्टी, चौथ्या मजल्यावर उतरताना त्यांचा तोल गेला. नर्सबाईंनी दंडाला धरलं म्हणून वाचले. मास्तर म्हणाले, "माझंच चुकलं, बघून पाय टाकायला हवा होता." मला त्या वेळी कुठे तोंड लपवू असं झालं.

लिफ्ट बंद करावी असं माझ्या मनात आहे. एकट्याच्याच मशीनला हे होत असेल तर दोष माझ्या हाताचा. चौघांना होत असेल तर मशीनचा. मला तेवढंच कळायला हवं आहे. किती?

धाकटा


२ मार्च

साडूभाऊ,

थांबवलेल्या संदेशांची संख्या ही गटाची अंतर्गत बाब आहे. आणि ते मी मोजत बसत नाही. विषय वाचला की पुरतं.

लिफ्ट बंद करू नका. दवाखाना आहे तो, जिने चढवणार का आजाऱ्यांना? स्प्रिंग आणखी अर्धा आटा आवळा.

थोरला साडू


१९ मार्च

भावोजी,

मी धाकटी लिहिते आहे. ह्यांनी तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं आहे. ते बोलले नाहीत, पण टपालाची तिकिटं उचलून कपाटात वरच्या फळीवर ठेवली, म्हणजे मला कळलं.

पाच तारखेला ह्यांनी दवाखान्याच्या दोन्ही लिफ्ट बंद केल्या, मशीनच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या कंपनीत बोलावणं आलं. मी बरोबर गेले होते, बाहेर बाकावर बसले होते. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, "कुणाला विचारून बंद केल्या?"

हे म्हणाले, "ब्रेक धरत नाही."

"आवळला का?"

"चारदा आवळला."

मग कागदाचा आवाज आला. साहेब म्हणाले, "हे तुमच्याच गटाच्या चालकाचं उत्तर. एकतीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना. ते म्हणतात तेल पुसा, स्प्रिंग आवळा. तीनशे माणसं हे वाचतात, एकाचीही तक्रार नाही. तक्रार फक्त तुमची. मग खोट कुठे आहे?"

ह्यांनी तुम्ही आमचे कोण लागता ते सांगितलं नाही. मला वाटलं होतं सांगतील.

ह्यांना कामावरून थांबवलं आहे. चौकशी होईपर्यंत घरी. किल्ली काढून घेतली, दुसरा माणूस पाठवून स्प्रिंग आवळली आणि लिफ्ट चालू केल्या. दोन आठवड्यांत ह्यांनी घरातले सगळे पंखे उघडून साफ केले. काल शेजाऱ्यांचे केले. दुपारी दवाखान्यापर्यंत चालत जातात, समोरच्या फुटपाथवर उभे राहतात आणि परत येतात. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "माणसं बाहेर येतात का ते."

भावोजी, मला लिफ्टमधलं काही कळत नाही. पण ह्यांनी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला होता आणि तुम्ही त्याचं उत्तर दिलं नाहीत. तो आता मी विचारते. आणखी किती आहेत?

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

धाकटी


२६ मार्च

धाकटी आणि साडूभाऊ, दोघांस,

तुझं पत्र मोठीनेच फोडलं. पाकिटावर तुझं अक्षर होतं. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि संगणकासमोर खुर्ची सरकवून दिली.

एकतीस.

ऑगस्टपासून एकोणीस जणांचे एकतीस संदेश. सगळे त्याच बनावटीच्या मशीनबद्दल. 'थांबवलेले' अशा नावाच्या कप्प्यात होते. विषय पाहून मी ते तिथे टाकत असे आणि पाठवणाऱ्याला ठरलेलं उत्तर जात असे. 'सदर प्रश्नाचं उत्तर पूर्वीच देण्यात आलं आहे. कृपया जुने संदेश पाहावेत.' त्यातला एकही मी उघडून वाचला नव्हता. आता वाचले. सगळे मिळून पाऊण तास लागला.

कुणी लिहितो तीन बोटं, कुणी चार. एक जण लिहितो, वीतभर. आवळलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा. आणि प्रत्येकाचे दिवस कमी होत गेलेले. बहुतेक सगळ्यांनी शेवटी लिहिलं आहे, 'माझंच काही चुकत असेल.'

नोव्हेंबरमध्ये एकाने ब्रेकचा डावा हात सोडवून पाहिला. तो हात ज्या पिनेवर फिरतो, तिच्यावर त्याला केसासारखी रेघ दिसली. त्याने विचारलं होतं, हा तडा असेल का? पिनेला तडा असताना स्प्रिंग आवळली तर सगळा जोर त्या तड्यावरच पडतो. माझा उपाय वरून ब्रेक घट्ट करत होता आणि आतून पिन तोडत होता. साडूभाऊ, हात कच्चा तुमचा नव्हता.

एका लिफ्टवाल्याचे दोन संदेश आहेत. पहिला ९ जानेवारीचा, इतरांसारखाच. त्याला ठरलेलं उत्तर गेलं. दुसरा १५ जानेवारीचा, विषय 'पुन्हा तेच'. मी तेवढंच वाचलं होतं. आत लिहिलं आहे की त्यांच्या इमारतीची देखभाल करणारी बाई पाचव्या मजल्यावर बाहेर पडत असताना लिफ्ट सुटली. पाऊल अडकलं. पायाची दोन बोटं काढावी लागली. ह्यालाही तेच उत्तर गेलं.

काल सकाळी मी एकतीसच्या एकतीस संदेश गटावर सोडले, एकामागून एक. वर लिहिलं की हे मी अडवले होते, माझं १४ ऑगस्टचं उत्तर चुकीचं आहे, कुणीही स्प्रिंग आवळू नये, पिन पाहावी आणि तोवर लिफ्ट बंद ठेवावी. संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर जणांची उत्तरं आली. सगळ्यांत तेच दोन शब्द, 'माझ्याकडेही तसंच'. मी प्रत्येक उघडलं.

मशीन बनवणाऱ्यांना, तपासणी कार्यालयाला आणि साडूभाऊंच्या कंपनीला सहीनिशी पत्रं पाठवली आहेत. दवाखान्यात फोन करून दोन्ही लिफ्ट आजच थांबवायला सांगितल्या. त्यांनी नाव विचारलं तेव्हा 'लिफ्ट ज्यांनी बंद केल्या होत्या त्यांचा साडू' असं सांगितलं.

गट मी सोडतो आहे. दुसरा माणूस मिळेपर्यंत फक्त दार उघडं ठेवीन.

तुमचा
थोरला साडू


१४ एप्रिल

भाऊसाहेब,

तिकिटं वरच्या फळीवरून काढली.

दोन तारखेला मशीन बनवणाऱ्यांची तीन माणसं दवाखान्यात आली. माझ्या कंपनीचे साहेब होते, आणि मलाही बोलावलं होतं. दोन नंबरचा ब्रेक सोडवायला त्यांच्यातला सगळ्यात तरुण इंजिनिअर वाकला. त्याने डाव्या पिनेला बोट लावलं आणि अर्धी पिन त्याच्या हातात आली. तो घाबरून म्हणाला, "मी ओढलीसुद्धा नव्हती हो!" एक नंबरच्या पिनेला अर्ध्यापर्यंत तडा होता.

धाकटी म्हणते, तिथेच साहेबांना चार शब्द सुनावायला हवे होते. मला सुचलंच नाही. मी त्या पिनेकडे बघत होतो. तीन आठवडे लिफ्ट तसल्या पिनेवर माणसं वर-खाली नेत होती आणि मी फुटपाथवर उभा होतो.

त्या खेपेच्या सगळ्या मशीनच्या पिना बदलायचं ठरलं आहे. तोवर सगळ्या बंद. मला सोमवारपासून कामावर घेतलं. साहेब म्हणाले, "गैरसमज झाला होता." मी म्हटलं, "हो, झाला होता." नर्सबाईंनी मात्र खाली येऊन मास्तरांचा निरोप सांगितला, की त्यांचे डोळे बरे झाले आहेत आणि त्यांना मला बघायचं आहे.

आता तुमच्याबद्दल. गट सोडू नका. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून हेच सगळं शिकावं लागेल. तुमचं शिकून झालं आहे.

पण मला राग आहे. हात कच्चा म्हणालात त्याचा कमी, किती ते सांगितलं नाहीत त्याचा जास्त. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. आणि माहीत नाही, हेही सांगितलं नाहीत. ओसरेल. वेळ लागेल, एवढंच.

त्या बाईंकडे जाऊन या. पत्र पाठवू नका. स्वतः जा.

धाकटा


२९ एप्रिल

साडूभाऊ,

गेलो होतो. त्या लिफ्टवाल्याकडून पत्ता घेतला. बसने चार तास लागले. मोठी येते म्हणत होती, मी एकटाच गेलो.

बाई तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत राहतात. पन्नाशीच्या असतील. दारात स्टुलावर बसून किल्ल्यांचा जुडगा सोडवून एकेक किल्ली फळीवरच्या खिळ्याला लावत होत्या. काठी भिंतीला टेकलेली होती.

मी म्हटलं, "मी लिफ्टवाल्यांच्या गटाचा चालक."

त्या म्हणाल्या, "लिफ्ट मागच्या आठवड्यात दुरुस्त झाली. वर जाऊन बघायची असेल तर बघा."

मी म्हटलं की मी लिफ्टसाठी नाही, तुमच्यासाठी आलो आहे. त्यांनी आतून दुसरं स्टूल ओढायला सांगितलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं. बसमध्ये मनाशी जुळवून ठेवलं होतं, पण ते तसं आलं नाही, मागचं पुढे झालं. त्या किल्ल्या लावत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्याला तुम्ही काय कळवलं होतं?"

कागद खिशात होता. मी वाचून दाखवला. 'सदर प्रश्नाचं उत्तर पूर्वीच देण्यात आलं आहे. कृपया जुने संदेश पाहावेत.'

त्या म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचला.

"हे नऊ तारखेचं?"

मी हो म्हटलं.

"नऊ तारखेला मी लिफ्टमध्ये पाय टाकत नव्हते," त्या म्हणाल्या. "चार दिवसांपासून जिन्यानेच जात होते. ती घसरते हे मला आधी कळलं होतं, मीच त्याला सांगितलं होतं. त्या दिवशी तो खाली आला आणि म्हणाला, 'मावशी, मोठ्या साहेबांचं उत्तर आलंय, नेहमीचंच आहे, काळजी नाही. मी स्प्रिंग आवळली आहे.' म्हणून बारा तारखेला मी लिफ्टने गेले."

साडूभाऊ, हे त्या लिफ्टवाल्याने लिहिलेलं नव्हतं. तो बिचारा मला फोनवर 'साहेब, या, या' म्हणत होता, त्यानेही सांगितलं नाही. त्याने ते कुणालाच सांगितलेलं नसणार.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मागितलीत, ठीक आहे." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. गच्चीवरच्या टाकीचा पंप बंद करायची वेळ झाली होती. त्या काठी घेऊन उठल्या.

मी म्हटलं, "मी जातो, किल्ली द्या."

"तुम्हाला बटण सापडायचं नाही," त्या म्हणाल्या. "चला बरोबर."

लिफ्ट तळमजल्यावरच उभी होती, दार उघडं, जमिनीला अगदी बरोबर लागलेली. मी एकतीस वर्षं जे पाहायचो ते सवयीने पाहिलं. बाईंनी तिकडे मानही वळवली नाही. त्या जिन्याकडे गेल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला राहिलो, कारण तो पाय त्या जपून टाकतात. पाच मजले आणि वर गच्ची. प्रत्येक वळणावर त्या थांबत होत्या, आणि त्या थांबल्या की मी थांबत होतो. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी काठी उजव्या हातात घेतली आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. विचारलं नाही. चांगलाच भार होता.

तुमचा
थोरला साडू